सुतळीचं माप

रंगराव खोतानं कोटाच्या खिशातून सुतळीची गुंडी काढली आणि काट्याच्या पारड्यात टाकली.

"ह्या मापाचं काढून ठेव, हौसे. आतपर्यंत वाळलेलं पायजे. पैशाचं बघू नको."

"कुणाचं?" मी विचारलं.

"आईचं. आणि कुणाचं असणार?"

उन्हाळा सरत आला होता. वखारीतली धूळ तापून नाकात जात होती आणि घाटाच्या तोंडाशी रोज संध्याकाळी ढग येऊन नुसतेच बघून जात होते. हे आमचे घाईचे दिवस. आमचं गाव घाटमाथ्यावर. मृग लागला की पाऊस जो मुक्कामाला बसतो तो गणपतीपर्यंत उठायचं नाव घेत नाही. भिंतींना बुरशी, मिठाचं पाणी, आणि लाकडाचं तर विचारूच नका. अशा दिवसांत घरातलं कुणी गेलं तर सरण पेटणार कसं? म्हणून आमच्याकडे रीत अशी, की ज्यांच्या घरात पिकलं पान असेल ते पावसाआधीच वखारीत लाकूड काढून ठेवतात. माणसाची उंची सुतळीनं मोजायची, वर वीतभर सोडायची आणि ती सुतळी आम्हाला आणून द्यायची. आम्ही तेवढ्या लांबीचे ओंडके निवडून मागच्या पत्र्याखाली वेगळे रचायचो आणि तीच सुतळी ढिगाला बांधायचो. एकदा सुतळी बांधली की गावात लग्न असो नाहीतर जत्रा, त्यातली ढलपीसुद्धा कुणाला द्यायची नाही.

बाहेरच्या माणसाला हे भेसूर वाटतं. आम्हाला वाटत नसे. म्हातारी माणसं स्वतःच यायची, ओंडक्यावर थापा मारून बघायची, हा नको, तो धूर फार करतो, असं म्हणून बदलून घ्यायची. आणि शेवटी, ज्याचं लाकूड त्यानं ढिगाला हात लावून वर एक सुपारी ठेवायची. त्याशिवाय लाकूड राखीव धरायचं नाही, ही आबांची, माझ्या वडिलांची, सक्त ताकीद. जिवंत माणसाचं सरण त्याच्या नकळत रचलं तर ते त्याला ओढून नेतं, असं ते म्हणायचे. मी त्यांना हसायचे.

नवरा वारल्यावर मी माहेरी परत आले, तेव्हा तिशीसुद्धा गाठली नव्हती. चार महिने कोपऱ्यात बसून काढले आणि मग कंटाळून आबांची कुऱ्हाड उचलली. आबांचे गुडघे संधिवातानं धरले होते. ते काट्याजवळ बाजेवर बसून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायचे आणि मी नि आमचा गडी सिदू लाकूड फोडायचो. गावाला पहिल्यांदा ते बघवलं नाही. पण चूल पेटवायला लाकूड लागतंच, त्यामुळे बघायची सवय झाली.

"गोदाक्काला घेऊन ये, रंगराव," बाजेवरून आबा म्हणाले. "हात लावू दे तिला."

"तिला कशाला मधी? मन खचंल तिचं."

"गोदाक्काचं मन?" आबांना हसूच आलं. "रोज भैरोबाची टेकडी चढती ती. माझंच खचंल तिला बघून."

रंगराव हसला नाही. भाताच्या गिरणीचा मालक, गावात वजन, त्याला असं कुणी उलट बोललेलं खपत नसे. "बरं, आणतो," म्हणून तो निघाला. फाटकापर्यंत गेला आणि परत वळला.

"आणि हौसे, कुठं बोलू नको. तिच्या कानावर जायला नको."

आणतो म्हणतो आणि कानावर जायला नको म्हणतो. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलंही, पण हातात काम होतं.

मी ऐन आणि किंजळीचे चांगले ओंडके निवडले. सिदूनं सुतळी लावून करवतीनं कापले, आम्ही दोघांनी रचले. रचून झाल्यावर सिदू लांब जाऊन उभा राहिला आणि डोकं खाजवायला लागला.

"लई लांब झालं न्हवं, आक्का?"

"सुतळीनंच मापलंस ना?"

"सुतळीनंच."

"मग झालं तर," मी म्हणाले आणि सुतळी बांधून टाकली.

दुसऱ्या दिवशी रंगरावची बायको शालन ढलप्या न्यायला आली. एरवी त्यांच्याकडचा गडी यायचा. शालन उंच होती. देवळात बायकांच्या घोळक्यात उभी राहिली तरी तिचं कपाळ सगळ्यांच्या वर दिसायचं. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. घाटाखालच्या एका व्यापाऱ्याची मुलगी रंगरावनं बघून ठेवली आहे आणि शालन सोडचिठ्ठीवर अंगठा द्यायला तयार नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वर्षभर तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्या वर्षात ती पार सुकून गेली होती. पण त्या दिवशी तिच्या केसांत अबोलीचा वळेसर होता.

"हौसाक्का, सिसम हाय का गं तुझ्याकडं?"

"सिसम जाळणार व्हय, वैनी? खोताचं घर ते, जाळशीलबी."

"जाळायला कशाला!" ती तोंडाला पदर लावून हसली. "पलंगाला. काल हे आले हुते न्हवं हितं? लाकूडच बघायला आले असतील. मला बोलले न्हाईत, पण मी वळकलं."

मी फोडायला घेतलेला ओंडका तसाच राहिला. "कसला पलंग?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि जवळ सरकली. नव्या नवरीनं सांगावं तसं हळू सांगायला लागली. "परवा आपणहून बोलले माझ्याशी. म्हणाले, नीट उभी ऱ्हा बघू. आणि डोस्क्यापासनं टाचंपर्यंत सुतळीनं माप घेतलं. म्हटलं, हे काय हो? तर म्हणाले, जुन्या पलंगावर तुझं पाय भायेर येत्यात, नवा करून घेऊया. वर वीतभर सोडलीसुदीक." तिचे डोळे भरून आले होते. "माणसाचं मन कधी फिरंल सांगता येत न्हाई बघ."

मी आयुष्यात बरीच मढी जाताना बघितली, माझ्या स्वतःच्या नवऱ्याचं बघितलं, पण त्या क्षणी वाटली तेवढी भीती मला कधी वाटली नाही. ती माझ्यासमोर उभी होती, हसत होती, आणि तिच्या पाठीमागे, पत्र्याखाली, तिच्याच मापाची लाकडं रचून तयार होती. मी रचली होती.

"सिसम न्हाई माझ्याकडं," मी म्हणाले.

"मग फणस चालंल की," ती म्हणाली, आणि ढलप्यांची पाटी डोक्यावर घेऊन ताठ मानेनं निघून गेली.

आबांनी बाजेवरून सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्यापाशी जाऊन बसले.

"आबा, त्याला लाकूड आधीच कशाला पायजे? करायचं तर..."

"करायचं तर पावसातच करंल," आबा म्हणाले. "पावसात कोरडं लाकूड नसलं की मयत घाटाखाली न्यावं लागतं. तिथं सरकारी डाक्टर हाय, इचारणारी माणसं हायत. हितं लाकूड तयार असलं, तर शेजाऱ्याला कळायच्या आत राख हुती. आई म्हातारी म्हणून लाकूड घेतलं हुतं, सुनंला आधी लागलं, नशीब एकेकाचं. कोण काय बोलणार?"

"मग आईच्याच मापाचं घ्यायचं. खरं माप कशाला दिलं?"

"आखूड सरणावर पाय भायेर ऱ्हात्यात. लोक बघत्यात, बोलत्यात. त्याला समदं नीट पायजे," आबा म्हणाले आणि थुंकले. "गिरणीचा हिशेबी माणूस."

"पाटलाला सांगूया."

"काय सांगणार? लाकूड लांब घेतलं म्हणून? आणि पोलीस पाटील सांजचा बसतो कुणाच्या ओट्यावर?"

"मग वैनीलाच सांगते."

"आणि तिनं घरी जाऊन त्यालाच इचारलं तर? आज सांगितलंस तर ती तुलाच खोटी ठरवंल. बघितलंस न्हवं तिचं तोंड?"

खरं होतं ते. अबोली माळून आलेल्या बाईला मी काय सांगणार होते? आबांनी पत्र्याखालच्या ढिगाकडे बघितलं आणि म्हणाले, "रीत हाय आपली. लाकूड गोदाक्काच्या नावाचं हाय. तिला निरोप धाड, हात लावायला ये म्हणावं. बाकी काय बोलू नको."

बाजाराच्या दिवशी रंगराव दिवसभर गिरणीत अडकलेला असायचा आणि आमचा ट्रक घाटाखालून लाकूड घेऊन यायचा. त्या दिवशी गोदाक्का आली, शालनला बरोबर घेऊन आली. गोदाक्का म्हणजे मूठभर हाडं. पाठीत वाकलेली, पण चालताना काठी जमिनीवर अशी आपटायची की वाट तिच्या बापाची आहे असं वाटावं. दारातूनच तिनं तोंड सुरू केलं.

"तातोबा, माझं लाकूड मला न सांगता काढता व्हय रे? मेले न्हाई मी अजून! रंगाला अक्कल न्हाई, तुला तर पायजे!"

"म्हणून तर बोलावलं, गोदाक्का," आबा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

मी तिला मागे नेलं. तिनं एकेका ओंडक्यावर मूठ आपटली, वास घेतला, सालीत नख खुपसलं. "ऐन हाय. चांगला हाय. पैसं काढलं म्हणायचं पोरानं." ती खूश झाली होती. आणि मग काठी माझ्या हातात देऊन म्हणाली, "धर गं. बघू तरी कसं लागतंय."

मला काही कळायच्या आत ती ढिगावर चढून आडवी झाली.

"आत्याबाई, काय हे!" शालन ओरडली. "उठा, उठा, अभद्र कुठलं!"

गोदाक्का डोळे मिटून पडली होती. लुगडं पायांशी नीट केलं, हात छातीवर घेतले. मग तिनं पाय ताणले. पायाच्या पुढं लाकूड होतं. अजून ताणले. तरी पुढं लाकूडच होतं. तिनं डोळे उघडले आणि मान उचलून स्वतःच्या पायांकडे बघितलं, पायांपुढच्या उरलेल्या लाकडाकडे बघितलं. चांगलं दोन हात उरलं होतं.

ती उठून बसली. तिच्या चेहऱ्यावरची खुशी कुठल्या कुठे गेली होती.

"हे माझं न्हाई," ती म्हणाली. "सुतळी सोड."

मी सुतळी सोडून तिच्या हातात दिली. ती खाली उतरली. शालनला म्हणाली, "हिकडं ये. उभी ऱ्हा."

"मी कशाला?"

"उभी ऱ्हा म्हणते ना."

म्हातारीचा हात सुनेच्या डोक्यापर्यंत पोचेना. तिनं सुतळीचं एक टोक माझ्याकडे दिलं, मी ते शालनच्या डोक्यावर वीतभर वर धरलं, आणि दुसरं टोक घेऊन गोदाक्का तिच्या पायांशी बसली. टोक बरोब्बर टाचेला टेकलं.

"अगो बाई," शालन हसली. "ही तर माझ्या पलंगाची सुतळी. तुमच्याकडं कशी..."

आणि मग ती थांबली. तिनं ढिगाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. पलीकडे सिदूची कुऱ्हाड थांबली होती. शालननं हात वर नेला आणि केसांतला वळेसर ओढून काढला. रडली नाही ती. वळेसर हातात घट्ट धरून तशीच उभी राहिली.

गोदाक्का टाचेपाशी बसली होती ती उठेना. मी हात द्यायला गेले तर तिनं माझा हात झिडकारला. "माझंच दूध प्याला," ती जमिनीकडे बघून म्हणाली. "माझंच."

मग उठली, आणि उठली ती दुसरीच बाई होऊन. "तातोबा, तुझा ट्रक खाली कधी जायचाय?"

"लाकूड उतरलंय. आता निघंल."

"हिला हिच्या भावाच्या दारात सोडायला सांग. आत न्हेऊन सोडायची. आणि शालन, मी सांगितल्याबिगार हिकडं फिरकायचं न्हाई. भावाला समदं सांग."

"कापडं तरी..."

"कापडं अंगावर हायत. जीव अंगात हाय. आणि काय पायजे?"

शालननं तिचे पाय धरले. "तुमीबी चला, आत्याबाई. तुमास्नी तो..."

"मी कुठं जाऊ? तुला भाऊ हायत. मला त्योच एक हाय," गोदाक्का म्हणाली. तिनं शालनच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिला अक्षरशः ढकलून ट्रकच्या केबिनमध्ये चढवलं. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत ट्रकचा आवाज येत होता, तोवर ती फाटकात उभी होती.

परत येऊन तिनं कनवटीची सुपारी काढली, ढिगाच्या मधोमध ठेवली आणि दोन्ही हात लाकडावर टेकले.

"आता हे माझं," ती म्हणाली. "बांध सुतळी."

"तुमास्नी लांब पडतंय, गोदाक्का. मी तोडून..."

"ह्याला कुऱ्हाड लावायची न्हाई. मी मेले तरी लावायची न्हाई. हाय असंच न्ह्यायचं. आण घे माझी."

मी घेतली. कशासाठी ते मला त्या दिवशी कळलं नाही. म्हातारीचा हट्ट, असंच वाटलं.

रंगराव दुसऱ्याच सकाळी आला. आबांकडे न बघता सरळ पत्र्याखाली गेला. मी कुऱ्हाड हातात घेऊन मागोमाग गेले. ढिगावरच्या सुपारीकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"आई येऊन गेली तर."

"रीतच हाय ती."

"आणि शालन?"

"वैनी माहेरी गेल्या म्हणे. मला काय ठावं. माझा धंदा लाकडाचा."

त्यानं सुतळीत बोट अडकवून ती ओढून बघितली. मग एकदम गोड आवाजात म्हणाला, "हौसे, चूक झाली बघ माझी. आईच्या मानानं लांब झालं हे. तेवढं कमी करून टाक. आत्ताच कर, मी थांबतो."

"गोदाक्का नको म्हणाल्यात."

"पैसं मी दिल्यात."

"सुपारी त्यांनी ठिवली. सुपारी ठिवली की लाकूड त्यांचं."

तो माझ्याकडे वळला. उंचापुरा माणूस, जवळ येऊन उभा राहिला की अंगावर सावली पडायची. मी कुऱ्हाड खांद्यावर घेतली. मागून आबांच्या बाजेची करकर ऐकू आली. उभं राहता येत नसताना ते उभे राहायला बघत होते.

रंगराव हसला. "बरं," म्हणाला. "तिचं तर तिचं."

त्या रात्री मला डोळ्याला डोळा लागला नाही. पुढे पाऊस लागला आणि गावाचे दरवाजे मिटले. गोदाक्का भैरोबाला जाताना दिसायची, काठी आपटत, डोक्यावर इरलं. मी विचारायचे, "बरं हाय न्हवं, गोदाक्का?" ती म्हणायची, "शालनचं पत्र आलंतं. खुशाल हाय." स्वतःचं कधी सांगितलं नाही. त्यांच्या शेजारणी मात्र सांगायच्या, की घरात रोज भांडणं आहेत. तो म्हणतो शालनला आणायला चल, ती म्हणते मी जिवंत आहे तोवर ती येणार नाही आणि दुसरीही उंबरा ओलांडणार नाही. मी एकदा तिला वाटेत अडवून म्हणालेसुद्धा, "तुमी आमच्याकडं येऊन ऱ्हावा." ती म्हणाली, "तुझ्याकडं माझं लाकूड हाय की. तेवढं संभाळ." मला राग आला होता तिचा. अजूनही येतो.

आषाढाच्या धारांत एका सकाळी खोतांच्या भावकीतले चौघे दारात आले. डोक्यावर पोत्यांच्या खोळी.

"गोदाक्का गेली. परसातल्या पायरीवरनं पाय घसरला. लाकूड न्ह्यायचं."

आबांनी तोंडावर पंचा घेतला. मी सिदूला गाडी जुंपायला सांगितली. लाकूड ताडपत्रीखाली भरलं. सुतळी सोडली आणि कनवटीला लावली. बायका स्मशानात जात नाहीत, पण रचायचं काम वखारीचं, आणि आबांच्यानं होईना झालं तेव्हापासून मीच जात असे. लोकांनी तेही पचवलं होतं.

ओढ्याकाठच्या पत्र्याच्या शेडखाली आम्ही लाकूड रचलं. पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की बोललेलं ऐकू येईना. रंगराव ओल्या धोतरात उभा होता, सारखा म्हणत होता, "उरका, उरका, पाणी वाढतंय ओढ्याचं." मढं आणलं. पांढऱ्यात गुंडाळलेली गोदाक्का एखाद्या पोरीएवढी दिसत होती. चौघांनी उचलून सरणावर ठेवली.

आणि सगळ्यांचे डोळे तिच्या पायांकडे गेले.

तिचे पाय जिथं संपले तिथून पुढं लाकूड उघडंच होतं. दोन हात, नुसतं ऐनाचं काळं लाकूड. भावकीतला एक म्हातारा पुढे आला, त्यानं सरणाच्या टोकाला हात लावून बघितला, म्हातारीच्या पायांना हात लावून बघितला.

"हे कुणी दिलं?" तो ओरडून म्हणाला. "म्हातारीला येवढं लांब? कुणाचं उचलून आणलंय हे?"

"वखारवाल्यांची चूक हाय," रंगराव म्हणाला. "राहू द्या आता. मडकं आणा."

तेव्हा मला कळलं. ती आण मला का घातली होती, ते त्या क्षणी मला कळलं. म्हातारीला स्वतःचं काय होणार ते ठाऊक होतं आणि जिवंतपणी तिचं कुणी ऐकणार नाही हेही ठाऊक होतं. म्हणून तिनं आपल्या सरणालाच बोलायला ठेवलं होतं. मला रडू फुटलं. पण मी तशीच पोलीस पाटलापुढे गेले. तो छत्री मिटून उभा होता, रंगरावच्या शेजारीच.

"वखारीची चूक न्हाई, पाटील," मी म्हणाले, आणि सुतळी त्याच्या हातात दिली. "ही सुतळी रंगरावदादांनी सोता आणून दिली. माप शालनवैनीचं हाय. त्या जित्या हायत, भावाकडं. त्यांनाच बोलावून लावून बघा. गोदाक्कानं बघितलं हुतं. म्हणून तर वैनी वाचल्या, आणि म्हणून तर ह्या हितं हायत."

पाटील सुतळीकडे बघत राहिला. त्याचं रंगरावच्या घरी जाणंयेणं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं, आणि आता सगळे त्याच्याकडेच बघत होते. तो हळूहळू सरणापाशी गेला. गोदाक्काच्या मानेवरचं कापड त्यानं दोन बोटांनी बाजूला केलं. पायरीवरून पडलेल्या माणसाच्या मानेवर बोटं उमटत नाहीत. एवढं ओळखायला कुणी डॉक्टर लागत नव्हता.

"मडकं खाली ठेवा," पाटील म्हणाला. "कुणी हलू नका. हौसा, तुझा ट्रक खाली जाईल का?"

रंगराव पळाला नाही. सरणाच्या त्या उरलेल्या टोकावर तो मटकन बसला, आणि त्याला तिथून उठवायला दोन माणसं लागली.

गोदाक्काला खाली नेलं. दुसऱ्या दिवशी परत आणलं, तेव्हा ट्रकच्या केबिनमधून शालन उतरली. रंगराव नव्हता. त्याचं पुढं जे झालं ते कोर्टात झालं आणि ते पेपरात येऊन गेलं. अग्नी कोण देणार म्हणून भावकी एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. "मी देणार," शालन म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की कुणी नाही म्हटलं नाही.

"आधी लाकूड तोड," ती मला म्हणाली.

मी कुऱ्हाड घेतली. आण संपली होती. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मी एकेक ओंडका तोडत गेले, गोदाक्काच्या मापाचा करत गेले. वीतभर जास्त, तेवढं सोडलं. सगळं तोडून झाल्यावर ते सरण तिला अगदी बेतानं बसलं. ते आतपर्यंत वाळलेलं होतं. इतक्या पावसातही पहिल्या काडीला पेटलं.

उरलेले तुकडे बाजूला पडले होते. शालननं ते पदरात गोळा केले.

"वैनी, सरणाचं लाकूड घरी न्ह्यायचं नसतं," मी म्हणाले.

"आत्याबाईंचं तिथं लागलं," ती म्हणाली. "हे माझं हाय."

खोतांच्या परसात, त्याच पायरीजवळ, तिनं बंब पेटवला. त्यात ते दीड-दीड हाताचे तुकडे एकेक करून घातले, सगळे जळून जाईपर्यंत शेजारी बसून राहिली. मग तापलेलं पाणी बादलीत काढून घेतलं आणि डोक्यावरून आंघोळ केली.